गोलकीपरचे गुडघे आणि वरची खोली

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही कन्नड शाळेत. मराठी बोलायला आईनं शिकवलं आणि लिहायला बायकोनं. माझ्या वेलांट्या तिला बघवायच्या नाहीत. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. तेव्हा वेलांट्या जातील तिकडं जाऊ देत.

आमचं मराठी मंडळ बेंगळुरात फार जुनं. आमची माणसं पिढ्यान् पिढ्या पेटेत, म्हणजे जुन्या बाजारात, कपडे शिवणारी, साड्या विकणारी, भांडी विकणारी. मी शिवणारा. मंडळाची देवी आहे, हॉल आहे आणि हॉकीचा संघ आहे. पुण्याहून नवीन आलेली मंडळी हॉलमध्ये जुने फोटो बघतात आणि विचारतात, काका, हॉकी कशी काय? क्रिकेट का नाही? मी सांगतो, आम्ही लहान होतो तेव्हा शेजारच्या मैदानात हॉकी चालायची, म्हणून हॉकी. मैदानात बैल पळवत असते तर आम्ही बैल पळवले असते.

मी स्वतः तरुणपणी मंडळाच्या गोलात उभा असायचो. लग्नानंतर बायको मॅच बघायला यायची आणि बरोबर गोलाच्या बाजूला, माझं तोंड दिसेल अशी बसायची. पहिल्याच मॅचनंतर म्हणाली, "चेंडू आला की तुम्ही डोळे मिटता." मी म्हटलं, खोटं. दुसऱ्या मॅचला लक्ष ठेवलं तर खरंच मिटत होतो. पण मिटलेल्या डोळ्यांनी बरेच गोल अडवले. त्या पुण्याईवर आजही मंडळात गोलकीपरचा विषय निघाला की मला बोलावतात.

यंदा विषय निघाला तो वाईट वेळेला निघाला. आमचा गोलकीपर हंगामाच्या मध्येच कॅनडाला नोकरीला गेला. त्याच्या जागी ज्याला उभा केला तो खरा बचावातला खेळाडू, पॅड बांधले की गादी गुंडाळल्यासारखा चालायचा. चेंडू त्याच्याकडं येण्याआधीच तो माफी मागितल्यासारखा चेहरा करायचा. आमचा संघ पहिल्या गटात तळाला जाऊन बसला. आणखी थोडं घसरलो तर दुसऱ्या गटात. ह्या गटात आमचे आजोबा लोक खेळले होते. तिथून खाली जायचं म्हणजे देवीसमोर उभं राहून काय सांगायचं, असा प्रश्न होता.

अशात विमानतळाजवळच्या देवनहळ्ळीच्या संघाकडून निरोप आला. तिकडं एक प्लॉट विकणारे गृहस्थ आहेत. द्राक्षांच्या बागा घेतात, दगड रोवतात, प्लॉट म्हणून विकतात. त्यांनी हौसेनं हॉकीचा संघ काढलाय. त्यांच्याकडं एक नावाजलेला गोलकीपर होता, एकेकाळी राज्याकडून खेळलेला, कोडगूचा, म्हणजे कूर्गचा. पण तो आता एकेचाळीस वर्षांचा, आणि त्यांना एक तरणा गोलकीपर मिळालेला. ते म्हणाले, म्हातारा तुम्ही घ्या, बदल्यात आम्हाला तुमचा सेंटर फॉरवर्ड द्या.

चिक्कपेटेत आमच्या अध्यक्षांचं साड्यांचं दुकान आहे. तिथं माळ्यावर गाद्या आहेत, मंडळाच्या सगळ्या बैठका तिथंच. आम्ही तिघं बसलो. अध्यक्ष, मी आणि संघाचा कोच. कोच पुण्याचा, आयटीतला, चांगला पोरगा, फक्त मराठी बोलताना मध्येमध्ये इंग्रजी पेरतो.

"अण्णा," अध्यक्ष मला म्हणाले, "असा माणूस आपल्या दारात पुन्हा यायचा नाही. डोळे मिटून घ्या."

"मी डोळे मिटून बरंच घेतलंय," मी म्हटलं.

"काका, रिस्क बघा ना," कोच म्हणाला. "फॉर्टी-वन आहे तो. गेल्या सीझनला गुडघ्यामुळं निम्म्या मॅचेस बाहेर होता. आणि त्याच्या डिमांड्स ऐका. मालिश करणारा स्वतःचा. न्यायला-आणायला गाडी. सकाळी नऊच्या आधी प्रॅक्टिस नाही. आणि मॅचआधी उकडलेली अंडी."

"अंडी मैदानात खाऊ दे की," अध्यक्ष म्हणाले. "देवीला कुठं दिसतंय."

"खर्च मी म्हणतच नाही. गुडघा गेला तर आपण काय करणार? गोलकीपर पण गेला आणि स्ट्रायकर पण गेला."

कोच बरोबर बोलत होता. गोलकीपरचं सगळं गुडघ्यात असतं. हात मागाहून. खाली बसला, आडवा पडला, पुन्हा उठला, हे चेंडू परत मारला जायच्या आत झालं पाहिजे. पडायला कुणालाही येतं. उठायला येतं तो गोलकीपर.

"मग दोन दिवस त्याला आपल्याकडं खेळवून बघू," मी म्हटलं.

"ते होणार नाही," अध्यक्ष म्हणाले. "राज्याकडून खेळलेल्या माणसाला तुझी परीक्षा घेतो म्हणायचं? आणि देवनहळ्ळीवाले म्हणतात, व्यवहार झाल्याशिवाय पॅड बांधायचे नाहीत. मत द्या. मी हो म्हणतो. हा नाही म्हणतो. आता तुम्ही."

मी गादीची शिवण चाचपत बसलो. कारण तो सेंटर फॉरवर्ड माझ्या घरी वरच्या खोलीत राहतो.

हे सांगायला हवं. जयनगरात माझं घर आहे, वर एक खोली. नागपूरचा हा पोरगा ती खोली बघायला आला तेव्हा बायको होती. तिनं त्याला आधी जेवायला बसवलं, मग खोली दाखवली. मला म्हणाली, "ताटात काही टाकत नाही. ठेवा." तेव्हा त्याचं ऑफिस इंदिरानगरला होतं. पुढं ती गेली. मुलगी म्हैसूरला असते, रोज फोन करते, रोज एकच विचारते, गोळी घेतली का. घेतली म्हटलं की दोघांनाही पुढं काही सुचत नाही. हा पोरगा मात्र बायकोच्या तेराव्यानंतर एका संध्याकाळी खाली आला, म्हणाला, "काका, मॅच लागली आहे, वरचा टीव्ही बरोबर दिसून नाही राहिला." वरचा टीव्ही चांगला होता. तेव्हापासून तो रोज खाली येतो. आम्ही जेवतो, भांडतो, तो मला नागपूरच्या गोष्टी सांगतो, त्यातल्या निम्म्या खोट्या असतात. माझी संध्याकाळ अशी जाते. ती कशी गेली असती हे मी बघायला गेलो नाही.

देवनहळ्ळीवाले आपल्या खेळाडूंना राहायला खोली देतात. म्हणजे व्यवहार झाला की पोरगा गेला.

अध्यक्षांना हे माहीत होतं. चाळीस वर्षांचा दोस्त आहे, माझं तोंड वाचतो. "अण्णा," ते हळूच म्हणाले, "भाडेकरू दुसरा मिळेल."

"साड्याही दुसऱ्या मिळतात, तुम्ही का भाव सोडत नाही?" मी म्हटलं.

शेवटी मार्ग अध्यक्षांनीच काढला. देवीचा उत्सव आठवड्यावर आला होता. उत्सवाच्या जेवणाला आजकाल सगळ्यांना टेबल-खुर्ची, पण एक पंगत जमिनीवर असते, केळीच्या पानाची, वडीलधाऱ्यांची आणि पाहुण्यांची. गोलकीपरला पाहुणा म्हणून बोलवायचं. जमिनीवर बसवायचं. कसा बसतो, कसा उठतो, बघायचं. मुलगी बघायला गेल्यावर तिला चालायला लावतात तसं. त्याला कळणारही नाही. कोच म्हणाला, "हे सायंटिफिक नाहीये." पण त्याला दुसरं काही सुचलं नाही.

एक गोष्ट मात्र आम्हा तिघांच्याही ध्यानात आली नाही. आमच्या पंगतीत सगळ्यात मोठा माणूस उठल्याशिवाय कुणी उठत नाही. पोट भरलं तरी बसून राहायचं. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली की ती रीत आहे हेच विसरलो. आणि यंदा पंगतीत सगळ्यात मोठा मी होतो.

गोलकीपर आला. उंच, पांढरा शर्ट, केस कानाजवळ पिकलेले. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, देवीला नमस्कार केला आणि मांडी घालून माझ्या समोरच्या पानावर बसला. बसला तो सरळ, हात न टेकता. अध्यक्ष तुपाचं भांडं घेऊन वाढायला उभे, कोच कोशिंबीर घेऊन. दोघांचं लक्ष गुडघ्यांवर. कोचनं त्याला तीन वेळा कोशिंबीर वाढली, त्यातली एकदा पानाबाहेर.

"स्वल्प, स्वल्प," गोलकीपर म्हणत होता. त्याला वाटलं असेल, ह्या मराठी लोकांत काकडीचं फार महत्त्व.

होळिगे म्हणजे पुरणपोळी आली, कटाची आमटी आली, चित्रान्न आलं. तो पोटभर जेवला. शेवटचा ताकभात झाला. पानं मिटली. मी उठेन म्हणून सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली.

मी उठलो नाही.

मला उठता येत नव्हतं. गेली कित्येक वर्षं पंगत संपली की बायको काहीतरी निमित्त काढून माझ्यापाशी यायची. पान उचलते म्हणायची, नाहीतर चष्मा पडलाय म्हणायची, आणि वाकून खांदा पुढं करायची. मी त्यावर हात ठेवून उठायचो. कुणाला दिसायचं नाही. मलाही आपण आपलेच उठतो असं वाटायला लागलं होतं. ती गेल्यावर ही पहिली पंगत. मी बसून राहिलो. पाण्याचा पेला उचलला, ठेवला. बडीशेप मागवली. शेजाऱ्याला पाऊसपाण्याचं विचारलं. गोलकीपर समोर मांडी घालून बसलेला, हसऱ्या तोंडानं माझ्याकडं बघतोय. मला वाटलं, ह्यालाच उठता येत नाही. हा मी उठायची वाट बघतोय, म्हणजे गर्दीत कसाबसा उठेल. मी मनात म्हटलं, बस मग. बघू कोण हरतो.

असे आम्ही दोघं समोरासमोर बसलो. दुसरी पंगत दारात ताटकळलेली. वाढपी केर काढायला झाडू घेऊन आला, परत गेला. अध्यक्षांच्या भांड्यातलं तूप थिजलं.

शेवटी माझ्या भाडेकरूनं ओळखलं. टेबलाकडून उठून आला, माझ्या काखेत हात घातला आणि मोठ्यानं म्हणाला, "चला काका, फोटो काढायचा आहे." फोटोबिटो काही नव्हता. मी उठलो. रांग भराभर उठली. गोलकीपर उठायला गेला तो एक हात जमिनीला टेकला, दुसरा खांबाला, आणि एक पाय ओढत दोन पावलं भेलकांडला.

कोचनं अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्षांनी तुपाकडं बघितलं.

"आय टोल्ड यू," कोच म्हणाला. "गुडघे गॉन."

मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. गोलकीपर नळाशी उभा होता, पाय झटकत. मी कुणाच्या तोंडावर बोलायला कचरत नाही. कन्नडमध्ये सरळ विचारलं, "गुडघे गेले का तुमचे?"

तो हसला. "अज्जा, मुंग्या आल्या. तुम्ही उठेचना. आमच्याकडंही मोठ्यांच्या आधी उठत नाहीत. मी म्हटलं, ह्यांचा उत्सव आहे, अजून काही मंत्र राहिला असेल."

अज्जा, म्हणजे आजोबा म्हणाला त्याचा मला राग आला, पण खरं ते खरं. तेवढ्यात त्याच्या हातातून साबण सुटला, नाल्याकडं निघाला. हा जो खाली बसला तो थेट टाचांवर, एक पाय लांब टाकून त्यानं साबण अडवला आणि तसाच सरळ वर आला. कुठं हात नाही, कुठं हुंकार नाही. मी आयुष्यात गोलात जितके बसलो-उठलो त्यात एकदाही असा आलो नव्हतो. साबण माझ्या हातात दिला. "परवागिल्ला, चालतंय अज्जा, तुम्ही आधी धुवा."

हे बघायला अंगणात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

घरी आलो तो चांगल्या मूडमध्ये आलो, हे कबूल करतो. अध्यक्ष आणि कोच दोघांचंही ठरलं होतं, गुडघे गेलेत. मला खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं. संघ खाली गेला तर गेला, पुढल्या वर्षी वर येईल. पोरगा राहील. मी चहा केला, त्याला हाक मारली, त्याच्याकडून एक खोटी गोष्ट ऐकली आणि ती खरी मानली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. संध्याकाळी मी फाटकाशी उभा होतो. पोरगा बसमधून उतरून आला. त्याचं ऑफिस गेल्या उन्हाळ्यात इंदिरानगरहून विमानतळाच्या बाजूला गेलंय, हे मला माहीत होतं. जायला दोन तास, यायला दोन तास, हेही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. तो जिन्यावर बूट काढायला बसला. एक बूट काढला आणि दुसऱ्याची नाडी हातात धरूनच झोपला. भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं. समोरच्या घरातला कुत्रा येऊन त्याचा काढलेला बूट हुंगून गेला तरी ह्याला पत्ता नाही.

मी त्याच्याकडं बघत उभा राहिलो. चार तास बसमध्ये, मग प्रॅक्टिस, मग माझ्यापाशी बसायला. हा इथं भाड्याच्या स्वस्ताईसाठी राहत नव्हता. विमानतळाकडं खोल्या पडून आहेत.

मी काठीनं त्याचा बूट हलवला. "ऊठ. देवनहळ्ळीला जायचं का तुला?"

त्यानं डोळे चोळले. "काहून काका? मी कुठं म्हटलं जायचं?"

"तू म्हटलं नाहीस. मी विचारतोय."

"तुम्ही सांगाल तसं."

"मी सांगितलं तर काशीलाही जाशील का? ऑफिस किती लांब तिथून?"

तो थोडा वेळ नाडीशी खेळला. "चालत जाता येते," तो म्हणाला. मग लगेच, "पण तिथं काही नाही काका. नुसते प्लॉट. खायला-प्यायला काही भेटत नाही."

"प्लॉटवाले काय दगड खातात?"

"तुम्ही जमिनीवरून उठता कसे, ते सांगा आधी," तो म्हणाला. हे मात्र मला लागलं. पण तो बरोबर ठिकाणी बोलला होता.

"जमिनीवर बसणार नाही," मी म्हटलं. "खुर्ची आहे."

बुधवारी माळ्यावर बैठक. अध्यक्ष तोंड पाडून बसलेले. मी सांगितलं, गुडघे पक्के आहेत, गेलेत ते माझे. पंगतीत काय झालं, नळाशी काय झालं, सगळं सांगितलं. अध्यक्ष पोट धरून हसले. म्हणाले, "म्हणजे आम्ही परीक्षा तुमची घेतली." कोच हसला नाही. तो विचार करणारा माणूस आहे.

"ओके काका, एकदा साबण पकडला," तो म्हणाला. "तरी रिस्क आहेच. वय कमी होणार नाही. आणि आपले गोल कोण मारणार?"

"पोरगा दोन मारतो आणि आपण पाच खातो. आधी खाणं थांबव. रिस्क आहे, कोण नाही म्हणतो? गुडघा उद्याही जाईल. मी कापडवाला माणूस आहे. जुनं कापड ओढून बघायचं नसतं, ओढलं की फाटतंच. उजेडात धरून बघायचं. विरलेलं असेल तर पलीकडचं दिसतं. मी उजेडात बघितलंय. एक हंगाम जाईल. दोन जाणार नाहीत. एकाचंच बोला आणि त्याला सकाळी नऊच्या आधी उठवू नका."

"आणि तुमचा पोरगा?" अध्यक्षांनी विचारलं.

"तो चालत ऑफिसला जाईल."

मत झालं. कोचनंही हात वर केला, अर्धाच, पण केला.

रविवारी टॅक्सी आली. पोराचं सामान किती ते, दोन बॅगा, स्टिका, एक कुकर. खोली त्यानं झाडून दिली. मुलगी म्हैसूरहून फोनवर त्याच्याशी बोलली आणि गोळ्यांचं सगळं त्याला विचारून घेतलं, जसा तो माझा वैद्य. जाताना माझ्या पाया पडायला वाकला. मी म्हटलं, राहू दे, गुडघे सांभाळ, तुलाही कुणी विकत घेईल. तो म्हणाला, दर रविवारी येतो. मी म्हटलं, दोन तास यायला, दोन तास जायला, त्यापेक्षा झोप काढ. आणि आमच्याविरुद्ध मॅच असेल तेव्हा मात्र ये, गोलकीपर कसा आहे ते तूच सांगशील.

टॅक्सी वळली. मी आत आलो. टीव्ही लावला, बंद केला. घरात माझ्या चपलेचा आवाज फार येत होता, म्हणून चपला काढल्या.

गोलकीपरनं पहिल्या मॅचला एक गोल खाल्ला, दुसऱ्याला एकही नाही. दोन्ही मॅच आम्ही जिंकलो नाही, पण हरलोही नाही. तो ओरडतो फार. आमच्या बचावातल्या पोरांना नावं ठेवतो, पंचांना नावं ठेवतो, आणि मला लांबून अज्जा म्हणून हात करतो. वर राहू की खाली जाऊ अजून ठरलेलं नाही. कोच म्हणतो, चान्स आहे.

पोराचा फोन आला तो ह्या मॅचेसच्या आधी, टॅक्सी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. बाहेर ऊन होतं अजून.

"काका, घरी पोचलो पण."

"मग?"

"मग काही नाही. इतक्या लवकर घरी येऊन माणूस काय करते?"

"ते मला वर्षभर कळलं नाही, तुला एका दिवसात कसं कळेल?"

तो हसला नाही. पलीकडं कुकर हलवल्याचा आवाज आला. म्हणाला, "भात लावून राहिलो. तांदूळ किती घेऊ, अंदाजच येत नाही."

"एक मूठ आणि वर थोडे," मी म्हटलं. "उरेलच. सुरुवातीला रोज उरतो. दोघांचा घेतला जातो, हात ऐकत नाही. होईल कमी हळूहळू."

"तुमचा झाला कमी?"

"तू होतास ना जेवायला," मी म्हटलं. "मला आजपासून बघायचंय."